विला दो कोंद

विला दो कोंद हे उत्तर पोर्तुगालमधील जुने बंदर-शहर. आव्ह नदी अटलांटिक महासागराला मिळते तिथे तिच्या उजव्या तीरावर, पोर्तोच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर ते वसले आहे. गावाचा लेखी उल्लेख इ. स. ९५३ पासून सापडतो. बहुतेक प्रवासी इथे समुद्रकिनाऱ्यासाठी येतात आणि जुने गाव तासाभरात उरकतात. खरे तर पाहण्यासारखे जे आहे ते नदीकाठी आहे, आणि त्यातले बरेचसे आपल्या किनाऱ्याशी जोडलेले आहे.

पंधराव्या-सोळाव्या शतकांत इथे जहाजे बांधली जात, शिडाचे कापड विणले जाई आणि दूरच्या सफरींसाठी खलाशी व वाटाडे तयार होत. राजाचे जकातघर १४८७ मध्ये उभे राहिले. त्याच इमारतीत आता जहाजबांधणीचे संग्रहालय आहे. समोर नदीत सोळाव्या शतकातील ‘नाऊ’ जातीच्या जहाजाची प्रतिकृती नांगरलेली असते. या जातीची जहाजे लिस्बनहून गोव्याला येत. डेकवरून खाली उतरून वाटाड्याची खोली, कोठार आणि माणसांना झोपायला मिळणारी चिंचोळी जागा बघावी. महिनोन्महिन्यांची ती सफर म्हणजे काय असेल, हे पुस्तकापेक्षा इथे लवकर उमजते. पुढे पोर्तुगीजांनी अशी मोठी जहाजे गोवा आणि वसईलाही बांधली, ती सागवानाची.

गास्पार मानुएल हा इथला भारत, चीन व जपान या मार्गांवरचा मुख्य वाटाड्या. त्याने १६०३ मध्ये नदीकाठच्या खडकावर सोकोर्रू मातेचे छोटे चर्च बांधले. चौकोनी पाया, वर अर्धगोल घुमट, सगळे चुन्याने पांढरेशुभ्र. लांबून पाहणाऱ्याला हा एखादा दर्गाच वाटावा. उत्तर पोर्तुगालच्या दगडी चर्चांमध्ये हा आकार अगदी वेगळा पडतो, आणि पूर्वेकडे पाहिलेली रूपे मनात घेऊनच तो परतला असावा असे म्हणावेसे वाटते. आतल्या भिंतींवर ख्रिस्तचरित्रातील प्रसंगांच्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. त्या अठराव्या शतकातल्या. गावात एकच जागा बघायला वेळ असेल तर ही बघावी.

टेकडीवरचा सांता क्लारा मठ १३१८ मध्ये आफोंसो सांचेश आणि त्याची पत्नी तेरेझा मार्तिन्श यांनी स्थापला. आफोंसो हा पोर्तुगालच्या दिनिश राजाचा अनौरस मुलगा. दोघांच्या कोरीव समाध्या मठाच्या गॉथिक चर्चमध्ये आहेत. नदीवरून दिसणारी भव्य इमारत मात्र अठराव्या शतकातली असून आता तिथे हॉटेल आहे. मठाला पाणी आणणारा, मूळच्या ९९९ कमानींचा जलसेतू १७१४ मध्ये पुरा झाला. त्याच्या बऱ्याच कमानी आजही गावातून चालताना डोक्यावर येतात. गावच्या मुख्य चर्चच्या कामावर जुआंव दे काश्तील्यू होता. लिस्बनच्या जेरोनिमुश मठावर पुढे काम करणारा स्थपती तो हाच.

पुरुष समुद्रावर असत तेव्हा घरोघरी बायका लेस विणत. ही कला अजून जिवंत आहे. लाकडी घोडीवर लोडासारखी गोल उशी ठेवतात, तिच्यावर भोके पाडलेला केशरी-पिवळ्या पुठ्ठ्याचा नमुना बसवतात. दोरा गुंडाळलेल्या लाकडी काड्या जोड्याजोड्यांनी एकमेकींवरून फिरवायच्या, पीळ द्यायचा, नमुन्यातल्या भोकात टाचणी खोचायची, की पुढचा पीळ. काड्यांचा टकटक आवाज चालूच असतो. सराव असलेली बाई हाताकडे न पाहता गप्पा मारते. विन्याल वाड्यातील लेस संग्रहालयात विणणाऱ्यांच्या शेजारी उभे राहून हे पाहता येते. घाई करू नये.

गावाचा मोठा सण म्हणजे संत जॉनचा, २३-२४ जूनचा. ‘प्रासा’ आणि ‘मोंत’ या दोन भागांतील लेसवाल्या बायकांच्या नाच-गाण्याच्या टोळ्यांत त्या रात्री चुरस असते. कॉर्पस क्रिस्ती या कॅथलिक सणाच्या वेळी रस्त्यांवर फुलांचे गालिचे घालतात, तेही दर चार वर्षांनीच. पोर्तोहून मेट्रोची लाल ‘बी’ मार्गिका थेट गावात येते. पूल ओलांडून पलीकडच्या आझुरारालाही जावे, कारण मठ, जकातघर आणि नाऊ हे तिन्ही एका नजरेत त्या तीरावरूनच मावतात.