हसनाबाद : माझगावच्या मकबऱ्यामागचा इतिहास

मुंबईत माझगावच्या हसनाबाद भागात पांढऱ्या घुमटाची एक वास्तू आहे. इराणमधून परागंदा झालेल्या हसन अली शाह यांचा, म्हणजे पहिल्या आगाखानांचा, हा मकबरा. पुण्यातला आगाखान पॅलेस माहीत नसलेला मराठी वाचक विरळा. पण आगाखान ही पदवी ज्यांच्यापासून सुरू झाली, ते गृहस्थ मुंबईच्या गोदीजवळ चिरविश्रांती घेत आहेत, हे जुन्या मुंबईकरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते. इराणच्या शहाचा जावई, केरमान प्रांताचा सुभेदार आणि शिया इस्लाममधील निजारी इस्मायली पंथाचा ४६ वा इमाम, म्हणजे वंशपरंपरागत धर्मप्रमुख, माझगावात का दफन झाला, याचे अर्धे उत्तर तेहरानच्या काजार राजघराण्याच्या दरबारात सापडते आणि अर्धे मुंबईच्या हायकोर्टात. पहिला भाग अधिक रोमहर्षक असला, तरी मकबऱ्याचा खरा पाया दुसऱ्या भागात आहे, असे मला वाटते.

हसन अली शाह यांचा जन्म १८०४ मध्ये इराणमधील कहक या गावी झाला. निजारींचे मुख्य ठाणे असलेला अलमूतचा किल्ला मंगोलांनी १२५६ मध्ये जिंकल्यानंतर निजारी इमामांचे घराणे काही शतके इराणात बहुतांशी आडोशाला राहिले होते. पंथाचा एक मोठा अनुयायीवर्ग मात्र हिंदुस्थानात, सिंध, कच्छ आणि गुजरातच्या खोजा समाजात वाढला होता, आणि खोजांनी श्रद्धेने काढून ठेवलेला उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दसोंद, इराणात इमामांकडे पोहोचत असे. हसन अलींचे वडील शाह खलीलुल्लाह याझ्द शहरी राहत. त्यांच्या काही अनुयायांचा तिथल्या दुकानदारांशी तंटा झाला, जमाव घरावर चालून आला आणि १८१७ मध्ये त्या दंगलीत ते मारले गेले. त्यांच्या विधवेने थेट शहाच्या दरबारात न्याय मागितला. फतेह अली शहाने दंगलीच्या सूत्रधारांना शिक्षा केली, तरुण हसन अलींना महल्लात परिसरातील जमिनी दिल्या, आपली मुलगी सर्वे जहान खानम त्यांना दिली आणि आगाखान हा किताब बहाल केला. जन्माने काजार नसलेला हा इमाम अशा रीतीने राजघराण्यात गणला जाऊ लागला.

१८३४ मध्ये फतेह अली शहा वारला आणि त्याचा नातू मुहंमद शहा तख्तावर आला. नव्या शहाने आगाखानांना केरमानची सुभेदारी दिली खरी, पण दोन वर्षांतच ती काढून घेतली. वजीर हाजी मिर्झा आकासी याच्याशी त्यांचे कधीच जमले नाही. आगाखानांनी हुकूम मानला नाही. ते बमच्या सुप्रसिद्ध मातीच्या किल्ल्यात शिरले आणि सुमारे चौदा महिने त्यांनी सरकारी फौजेला दाद दिली नाही. अखेर शरण जावे लागले, कैद झाली, मग माफी मिळून महल्लातला परतता आले. १८४० मध्ये हजयात्रेला निघतो असे सांगून ते पुन्हा बाहेर पडले आणि केरमानच्या वाटेवर शाही फौजांशी त्यांच्या नव्याने चकमकी झडू लागल्या. या लढाईत टिकाव लागणे शक्य नाही हे दिसल्यावर १८४१ मध्ये ते सरहद्द ओलांडून अफगाणिस्तानात उतरले. त्यानंतर त्यांना इराणात परतता आले नाही.

कंदाहारला त्या वेळी इंग्रजी फौज होती आणि पहिले अफगाण युद्ध चालू होते. आगाखानांनी आपले घोडेस्वार इंग्रजांच्या मदतीला दिले. इंग्रजांच्या पाठबळाने हेरात आणि पुढे केरमान हाती येईल, अशी त्यांची आशा होती. ती फळली नाही, पण संबंध टिकला. सिंधमध्ये सर चार्ल्स नेपियरच्या १८४३ च्या मोहिमेत त्यांनी पुन्हा इंग्रजांची बाजू घेतली, सिंधूकाठच्या जेरुक गावी मुक्काम ठेवला आणि तिथे बलुचींचा हल्लाही झेलला. या सेवेबद्दल त्यांना पेन्शन मिळाले. या काळातही त्यांचे सगळे लक्ष इराणकडे होते. १८४४ मध्ये त्यांनी आपल्या भावाला इराणी बलुचिस्तानातील बंपूर घेण्यासाठी धाडले, म्हणजे हिंदुस्थानात पाय ठेवल्यानंतरही परतीची वाट तलवारीने उघडण्याचा प्रयत्न चालूच होता.

कच्छ आणि काठेवाडातील अनुयायांना भेटी देत ते १८४६ च्या आरंभी मुंबईत आले. खोजांनी त्यांचे मोठे स्वागत केले, पण तेहरानने इंग्रजांशी झालेल्या १८१४ च्या तहाचा आधार घेऊन त्यांना ताब्यात मागितले. इंग्रजांना इराण दुखवायचे नव्हते आणि उपयोगी पडलेला माणूस शहाच्या हाती द्यायचाही नव्हता. त्यांनी मधला मार्ग काढला : १८४७ मध्ये आगाखानांना इराणपासून आणखी दूर, कलकत्त्याला हलवले. पुढच्या वर्षी मुहंमद शहा वारला. परतीची बोलणी पुन्हा झाली, पण नव्या राजवटीतही मार्ग खुला झाला नाही, आणि डिसेंबर १८४८ मध्ये ते मुंबईला आले ते कायमचेच. त्यांचे फारसी आत्मचरित्र, ‘इब्रत-अफजा’, पुढे मुंबईतच शिळाछापावर निघाले.

हा इतिहास बहुधा इथपर्यंतच सांगितला जातो. परागंदा झालेला माणूस मात्र नव्या गावी नुसते आल्याने मुरत नाही. मुंबईच्या खोजांपैकी अनेक जण सधन व्यापारी होते, जमातीचा कारभार मुखी (प्रमुख) आणि कामडिया (खजिनदार) यांच्या हाती होता, आणि दूर इराणात राहणाऱ्या इमामाला दसोंद पाठवणे वेगळे व तोच इमाम शहरात येऊन हिशेब विचारू लागणे वेगळे. दसोंद नाकारणारा एक गट १८२९ च्या सुमारासच उभा राहिला होता आणि त्यावरून मुंबईच्या कोर्टात दावाही पडला होता. १८४७ मध्ये मुलींच्या वारसाहक्काचा खटला सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे आला. खोजा मुसलमान असले, तरी वारशात ते हिंदूंसारखी रूढी पाळतात, म्हणून तीच रूढी लागू होईल, असा निकाल त्यांनी दिला. १८५० मध्ये तंटा इतका विकोपाला गेला की माहीमच्या जमातखान्यात, म्हणजे खोजांच्या प्रार्थनागृहात, विरोधी गटाच्या लोकांचे खून पडले. १८६१ मध्ये आगाखानांनी फर्मान काढून खोजांना आपण शिया इमामी इस्मायली असल्याचे उघडपणे लिहून देण्यास सांगितले, तेव्हा विरोधकांनी निर्णायक दावा दाखल करायचे ठरवले.

तो दावा ‘आगाखान केस’ या नावाने कायद्याच्या इतिहासात राहिला आहे. वादींचे म्हणणे असे : खोजांना इस्लाममध्ये आणणारे पीर सदरुद्दीन सुन्नी होते, म्हणून खोजा सुन्नी आहेत, जमातीची मिळकत जमातीची आहे आणि शिया पंथाच्या परक्या धर्मगुरूला तिच्यावर काडीचा हक्क नाही. न्यायमूर्ती होते सर जोसेफ अर्नोल्ड, ज्यांनी चारच वर्षांपूर्वी सुधारक पत्रकार करसनदास मुळजींवरचा, वैष्णव धर्मगुरू ‘महाराजां’च्या बदनामीचा गाजलेला महाराज लायबल खटला सर मॅथ्यू सॉस यांच्यासह चालवला होता, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी साक्ष दिली तो हाच खटला. धर्मगुरूचा अधिकार कुठपर्यंत जातो, हा प्रश्न अर्नोल्डांना त्यामुळे नवा नव्हता. या वेळी मात्र त्यांना पंथाचे ग्रंथच उलगडावे लागले. विशेष विचार झाला तो पीर सदरुद्दीन यांच्या नावे असलेल्या ‘दसावतार’ या रचनेचा. त्यात विष्णूचे नऊ अवतार सांगून दहावा अवतार म्हणून हजरत अलींना स्थान दिले आहे. जमातखान्यात प्रार्थनेच्या वेळी म्हटला जाणारा हा ग्रंथ कोणत्याही सुन्नी पीराचा असू शकत नाही, आणि हिंदूंना त्यांच्याच परिभाषेत इस्मायली मत समजावण्याचा तो प्रयत्न आहे, असे कोर्टाने मानले. १२ नोव्हेंबर १८६६ च्या निकालाचा आशय असा की, खोजांचे पूर्वज मूळ हिंदू, ते शिया इमामी इस्मायली मतात आले आणि वंशपरंपरागत इमामांशी ते निष्ठेने बांधलेले आहेत. हसन अली शाह हे त्या परंपरेतले इमाम आहेत.

या निकालाने जमातीची मिळकत आगाखानांच्या अधिकाराखाली आली. एका वसाहती न्यायाधीशाने एका समाजाचा धर्म ठरवून द्यावा, हे आज खटकते आणि खटकायलाच हवे. अनेक खोजांना ते तेव्हाही मान्य नव्हते, आणि त्यांच्यातले काही सुन्नी झाले, तर पुढे काहींनी बारा इमाम मानणाऱ्या इस्ना अशरी शिया मताची वेगळी जमात उभारली. तरीही सत्ता, सुभेदारी आणि वतन गमावलेल्या माणसाला या निकालाने जे मिळाले, ते इराणातही त्याला कधी निर्वेधपणे मिळाले नव्हते. त्यानंतरची पंधरा वर्षे त्यांनी मुंबईत मानाने काढली. घोड्यांच्या शर्यतींचा त्यांना मोठा शौक होता, पुणे आणि बंगळूर येथेही त्यांची निवासस्थाने होती, आणि १८७५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सने त्यांच्या घरी जाऊन त्यांची भेट घेतली.

एप्रिल १८८१ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले आणि माझगावात दफन झाले. सात बेटांपैकी एक असलेला माझगाव तोपर्यंत श्रीमंतांच्या बंगल्यांचा आणि गोद्यांचा भाग झाला होता, आणि आगाखान घराण्याचा वावर तिथे होताच. नेसबिट रोडवरच्या आगा हॉलचे नाव त्याची साक्ष देते. हसन अलींच्या नावावरून दफनाच्या जागेला हसनाबाद म्हणू लागले आणि पुढच्या काळात तिथे मकबरा उभा राहिला. मुंबईत इराणी शियांची वस्ती तेव्हा चांगलीच होती. त्यांना इथे मोगल म्हणत, आणि डोंगरीजवळ हाजी मुहंमद हुसेन शिराझी यांनी १८६० मध्ये बांधलेली निळ्या फरशांची मोगल मशीद हे त्यांचे ठळक स्मारक. मोगल मशिदीचे रूप थेट इराणचे आहे आणि तिला घुमट नाही. हसनाबादचा पांढरा घुमट पाहताना मात्र हिंदुस्थानातल्या मकबऱ्यांची आठवण आधी होते.

महाराष्ट्रात आलेले हे पहिले परागंदा इस्मायली नव्हेत. निजारींच्या दुसऱ्या, मुहंमदशाही शाखेचे शाह ताहिर इराणच्या सफवी शहाच्या रोषातून जीव वाचवून काशानहून निसटले, १५२० मध्ये गोव्यात उतरले आणि १५२२ मध्ये अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाकडे आले. तिथल्या किल्ल्यात त्यांची प्रवचने होत, आणि १५३७ मध्ये निजामशहाने शिया मत स्वीकारले ते त्यांच्याच प्रभावाखाली. दख्खनच्या इतिहासात एवढे मोठे स्थान असूनही त्यांच्या अस्थी मागाहून करबलाला नेण्यात आल्या. हसन अलींचे पुत्र आगा अली शाह मुंबईच्या विधिमंडळाचे सदस्य होते. १८८५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांचा देह इराकमध्ये नजफला गेला. तिसऱ्या आगाखानांचा मकबरा इजिप्तमध्ये आस्वानला नाईलकाठी आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निधन पावलेल्या चौथ्या आगाखानांचे दफनही आस्वानलाच झाले. आगाखान पदवी धारण केलेल्या इमामांपैकी भारताच्या मातीत दफन झालेले एकच, माझगावचे हसन अली शाह.