कोर्टरूम मालिकांतील कौटुंबिक हिंसाचार आणि 'सामायिक घरा'चा वाद : पार्श्वभूमी

टीव्हीवरच्या कोर्टरूम मालिकेत विवाहातील छळाचा खटला बहुधा मृत्यूपासून सुरू होतो. पती किंवा पत्नी यांपैकी एकाचा जीव गेलेला असतो, प्रकरण सत्र न्यायालयात उभे असते, उलटतपासणीत एखादे गुपित बाहेर पडते आणि शेवटच्या भागात निकाल लागतो. ज्या घोडबंदर रोडवरच्या बंगल्यांत आणि स्टुडिओंत अशा मालिकांचे चित्रीकरण चालते, तेथून थोड्याच अंतरावरील ठाण्याच्या न्यायालयात याच विषयाचे खटले अगदी वेगळ्या रूपात चालतात. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे असतो. मारहाण, शिवीगाळ, पगार काढून घेणे या सगळ्याचा त्यात उल्लेख असतो, पण सुनावणी अनेकदा एकाच प्रश्नापाशी अडते: या बाईने आज रात्री कोणत्या घरात राहायचे? मालिकालेखक या प्रश्नाकडे सहसा वळत नाहीत. विवाहातील छळाच्या कायद्याचा इतिहास मात्र याच प्रश्नाभोवती फिरत आलेला आहे.

त्याची जुनी बाजू मुंबईतच घडली. १८८४ साली एका पतीने बालपणी लग्न झालेल्या पत्नीने आपल्या घरी नांदायला यावे यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पहिल्या न्यायाधीशांनी तो फेटाळला, अपिलात प्रकरण परत आले आणि १८८७ मध्ये त्या तरुणीला सासरी जाण्याचा, अन्यथा सहा महिने तुरुंगात जाण्याचा आदेश झाला. पुढे तडजोड होऊन ती सुटली आणि डॉक्टर झाली. पत्नीला पतीच्या घरात आणण्याचे साधन कायद्याजवळ असे आधीपासून होते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही कलम ९ म्हणून ते टिकले, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. त्याच घरातून तिला रात्री-अपरात्री बाहेर काढले तर तिने काय करावे, याचे उत्तर मात्र त्या कायद्यात नव्हते.

हुंडाबळींच्या विरोधात देशभर उठलेल्या आंदोलनांनंतर १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा ठरला. मालिकांना हे कलम चांगले परिचयाचे आहे, कारण त्यात पोलीस, अटक आणि आरोपीचा पिंजरा येतो. त्याचा गैरवापर, २०१४चे अटकेवरील निर्बंध, अटकेपूर्वी तक्रारींची छाननी करण्यासाठी २०१७ मध्ये सुचवलेल्या आणि २०१८ मध्ये रद्द झालेल्या कुटुंब कल्याण समित्या, यांवर वाचकांनी पुष्कळ ऐकले असेल. येथे एवढेच नोंदवायचे की तक्रार नोंदवलेल्या स्त्रीला त्या घरात परतण्याचा मार्ग या कलमाने दिला नाही. ती माहेरी गेली आणि खटला वर्षानुवर्षे चालला, हाच सर्वसाधारण अनुभव राहिला.

ही उणीव भरून काढण्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ आला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळाची त्यातील व्याख्या सर्वांना ठाऊक असते. माझ्या मते त्याचा खरा कणा कलम १७ आणि १९ यांत आहे. घरावर स्त्रीचा मालकी हक्क असो वा नसो, 'सामायिक घरात' राहण्याचा अधिकार तिला आहे, आणि कायद्याने ठरवलेल्या प्रक्रियेशिवाय तिला तेथून काढता येणार नाही. त्यामुळे सामायिक घर कशाला म्हणायचे, यावर सारे अवलंबून राहिले. कलम २मधील व्याख्या लांबलचक आहे: पीडित स्त्री कौटुंबिक नात्याने जेथे राहते किंवा कधीकाळी राहिली ते घर, मग ते दोघांपैकी कोणाच्या मालकीचे वा भाड्याचे असो, किंवा प्रतिवादी ज्या एकत्र कुटुंबाचा सदस्य आहे त्या कुटुंबाचे असो.

कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच १५ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ही व्याख्या आवळली. प्रकरण दिल्लीचे होते. सासूच्या मालकीच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर जोडपे राहत होते. घटस्फोटाचा दावा लागला, सून माहेरी गेली, आणि परतली तेव्हा दाराला कुलूप होते. न्यायालयाने म्हटले की सामायिक घर म्हणजे पतीच्या मालकीचे किंवा त्याने भाड्याने घेतलेले, अथवा तो सदस्य असलेल्या एकत्र कुटुंबाचे घर. हे घर सासूचे, म्हणून सुनेचा त्यावर अधिकार नाही, आणि पर्यायी निवासाची मागणी तिने फक्त पतीकडे करावी. व्याख्येचा शब्दशः अर्थ घेतला, तर जोडपे पूर्वी जेथे जेथे राहिले ते नातेवाइकांचे प्रत्येक घर सामायिक ठरेल आणि गोंधळ माजेल, अशी त्यामागची भीती होती. भीती अगदीच निराधार नव्हती. पण तिचा उपाय म्हणून कायद्याचे मर्मच काढून घेतले गेले. घर आई-वडिलांच्या नावावर असले की सुनेचा अर्ज पहिल्याच पायरीवर अडखळू लागला. मुलाला संपत्तीतून बेदखल केल्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यायची, आणि तो मात्र त्याच घरात राहतो आहे, असेही प्रकार वकिलांच्या परिचयाचे झाले.

नवी मुंबईत हा निकाल किती बोचरा ठरत होता, हे समजण्यासाठी येथील घरांची घडण पाहावी लागते. १९७० मध्ये हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या पहिल्या वसाहतींतील सदनिका नोकरदार पिढीने भाडेपट्ट्याच्या जमिनीवर घेतल्या. सोसायटीच्या भागपत्रावर सासऱ्यांचे नाव, मेन्टेनन्सचे बिलही त्यांच्याच नावे. सुनेजवळ काय असते? त्या पत्त्याचे आधार कार्ड, रेशन कार्डावर चढवलेले नाव, मुलाच्या शाळेचा बोनाफाइड दाखला. २००६च्या निकालाच्या तराजूत या कागदांना भागपत्रापुढे वजन उरत नव्हते, मग ती त्या घरात पंधरा वर्षे का राबलेली असेना.

१५ ऑक्टोबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. हेही प्रकरण दिल्लीतील सासऱ्यांच्या घराचे होते. घरावर पतीचा हक्क असलाच पाहिजे अशी अट व्याख्येत नाही, घर ज्या नातेवाइकाचे आहे तो प्रतिवादी असेल आणि स्त्री तेथे कौटुंबिक नात्याने राहिली असेल, तर ते सामायिक घर होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. जुनी भीतीही सोडवली: चार दिवसांच्या पाहुणचाराने घर सामायिक होत नाही, वास्तव्यात काही स्थैर्य हवे, आणि पक्षकारांचा हेतू व राहण्याचे स्वरूप तपासले जावे. म्हणजे ज्या आधार कार्डाला, बोनाफाइड दाखल्याला किंमत नव्हती, त्यांनाच आता पुराव्याचे मोल आले. मात्र हा अधिकार अबाधित नाही, वृद्ध सासू-सासऱ्यांनाही आपल्या घरात शांततेने जगण्याचा हक्क आहे आणि दोहोंचा तोल न्यायालयाने राखावा, हेही त्याच निकालात आहे.

या शेवटच्या वाक्यातून पुढची लढाई निघाली. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करून सुनेला बाहेर काढण्याचे आदेश मिळवले जात होते. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा निवासाचा हक्क सरसकट मोडता येणार नाही, दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतील. मे २०२२ मध्ये आणखी एक पाऊल पडले: सामायिक घरात प्रत्यक्ष राहू दिले गेले नसले तरी स्त्रीचा हक्क राहतो, आणि संरक्षण अधिकाऱ्याचा घरगुती घटना अहवाल नाही म्हणून दंडाधिकाऱ्यांनी आदेश नाकारू नये.

मालिकेच्या पटकथेसाठी दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे जागा, अर्थात अर्ज कोणत्या न्यायालयात करायचा. खारघर आणि पनवेल रायगड जिल्ह्यात, वाशी आणि बेलापूर ठाणे जिल्ह्यात. पण कलम २७ नुसार स्त्री तात्पुरती जेथे राहते तेथेही अर्ज करता येतो, म्हणून खारघरच्या सासरातून कळव्याच्या माहेरी आलेली स्त्री ठाण्यातच दाद मागू शकते. दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. कलम १६ नुसार दंडाधिकाऱ्यांना योग्य वाटल्यास आणि एका पक्षाने मागितल्यास सुनावणी बंद दाराआड होते, तेव्हा पडद्यावर दिसणारी खचाखच भरलेली गॅलरी अशा प्रकरणात असेलच असे नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४९८-अच्या जागी कलम ८५ व ८६ आली; त्यानंतरच्या काळात घडणाऱ्या कथेतील फौजदारी तक्रारीत तेच आकडे यायला हवेत. २००५चा कायदा मात्र स्वतंत्र असल्याने घराचा अर्ज आजही कलम १२ खालीच होतो आणि निवासाचा हक्क कलम १७ मधूनच मागितला जातो.