काठिण्यपातळी (व्हिडिओ गेम)

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यापुढे किती अवघड आव्हान ठेवायचे, हे ठरवणाऱ्या मोजमापांचा संच म्हणजे काठिण्यपातळी. शत्रूचा जोर आणि वेग, खेळाडूचे जीव, त्याला मिळणाऱ्या गोळ्या-औषधे, चूक झाल्यावर किती मागे जावे लागते, बटण दाबायला किती अवधी मिळतो, ही सारी मोजमापे तिच्यात येतात. बहुतेक गेम सुरुवातीलाच इझी, नॉर्मल, हार्ड असा पर्याय विचारतात. काही मुद्दाम विचारत नाहीत. अशा अतिकठीण गेममध्येही सोपी पातळी द्यावी का, हा गेमिंगमधला एक चिवट वाद आहे. तो बहुधा ‘हो की नाही’ असा मांडला जातो आणि तिथेच फसतो. ‘एकाच पातळीचे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गेममध्येही सोपेपणाच्या वाटा असतात. त्या फक्त मेन्यूत लिहिलेल्या नसतात.

नाण्याच्या यंत्रापासून

सुरुवातीला काठिण्य ठरवण्याचा अधिकार खेळाडूकडे नव्हता, नाणे टाकून खेळायच्या गेम पार्लरच्या मालकाकडे होता. आर्केड यंत्राच्या आतल्या सर्किट बोर्डवर बारीक स्विचांची पट्टी असे. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये त्या स्विचांनी १, २, ३ किंवा ५ जीव ठरवता येत, जादा जीव १०,०००, १५,००० की २०,००० गुणांना द्यायचा, की द्यायचाच नाही, हेही तिथेच ठरे. एकाच नाण्यावर कोणी तासभर यंत्र अडवून बसला तर गल्ला बुडतो, एवढे साधे गणित त्यामागे होते. घरगुती यंत्रांत हे नियंत्रण खेळाडूच्या हाती आले. १९७७ च्या अटारी २६०० वर प्रत्येक खेळाडूसाठी काठिण्याचा वेगळा स्विच होता, त्यामुळे थोरला भाऊ कठीण आणि धाकटा सोप्या पातळीवर एकाच वेळी खेळू शकत.

१९९३ च्या ‘डूम’ने नंतरच्या गेमना नमुना घालून दिला. त्यातल्या सर्वांत सोप्या पातळीवर खेळाडूला होणारी इजा निम्मी आणि उचललेल्या गोळ्या दुप्पट होतात. पण खरे काम नकाशांत केलेले आहे: प्रत्येक राक्षस कोणत्या पातळीवर हजर असावा, याची खूण रचनाकारांनी त्या-त्या राक्षसावर लावलेली असते. म्हणून पातळी बदलली की खोली तीच राहते आणि प्रसंग बदलतो. ‘गोल्डनआय ००७’ने १९९७ मध्ये निराळी युक्ती केली, वरच्या पातळीवर शत्रू बळकट होतातच, शिवाय मोहिमेतली कामेही वाढतात. याच काळातला एक कोतेपणाही नोंदवला पाहिजे. १९९२ च्या ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’मध्ये सर्वांत सोपी पातळी निवडली की नायकाच्या डोक्यावर तान्ह्या बाळाची टोपी दिसते. सोपे खेळणाऱ्याला चिडवण्याची ही सवय पुढे बरीच वर्षे टिकली. २००५ च्या ‘निन्जा गायडेन ब्लॅक’मध्ये सुरुवातीलाच वारंवार मेल्यावर सोपी पातळी मिळते, पण तिचे नाव ‘निन्जा डॉग’ आहे.

महाराष्ट्रातल्या नव्वदच्या दशकातल्या मुलांना हा प्रकार वेगळ्या वाटेने ठाऊक झाला. टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली कन्सोलबरोबर येणाऱ्या ‘कॅसेट’च्या यादीत एकच गेम अनेक नावांनी दिसे, त्यातल्या एखाद्या नोंदीत जीव जास्त असत, तर एखादी थेट पुढच्या टप्प्यावर सुरू होई. ‘कॉन्ट्रा’मध्ये शीर्षकाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए आणि मग स्टार्ट दाबले की ३ ऐवजी ३० जीव मिळत. ही खूण मूळची ‘ग्रेडियस’ या आधीच्या गेमची. गेम घरगुती यंत्रावर आणताना तो स्वतःलाच तपासून पूर्ण करता येईना, म्हणून हे दोन्ही गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ती घातली होती.

‘सेकिरो’चे निमित्त

आजचा वाद फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या गेमभोवती फिरतो. ‘डीमन्स सोल्स’ (२००९), ‘डार्क सोल्स’ (२०११), ‘ब्लडबोर्न’ (२०१५), ‘सेकिरो’ (२०१९) आणि ‘एल्डन रिंग’ (२०२२) यांपैकी एकाच्याही मेन्यूत काठिण्यपातळी नाही. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांची भूमिका अशी की, सगळ्या खेळाडूंनी एकाच अडथळ्याला तोंड द्यावे, म्हणजे त्यांची चर्चाही एकाच पातळीवर होते आणि तो पार केल्याचा आनंदही सारखा असतो.

वाद ‘सेकिरो’वरच का भडकला, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. ‘डार्क सोल्स’मध्ये अडलेल्या खेळाडूला पर्याय पुष्कळ आहेत: आधीच्या भागात फिरून गुण कमवायचे आणि लेव्हल वाढवायची, जड ढाल घ्यायची, लांबून जादू मारायची, ऑनलाइन मदतनीस बोलवायचा. पुलाखाली उभे राहून ड्रॅगनच्या शेपटीवर बाण मारत राहिले तर सुरुवातीच्या मानाने फारच जोरदार तलवार हाती येते. ‘सेकिरो’ने यातले जवळजवळ सगळे काढून घेतले. तिथे तलवार एकच, मदतनीस नाही, आणि ताकद वाढते ती मुख्यतः मोठे शत्रू हरवूनच. ज्याला वार परतवण्याची वेळ साधत नाही, त्याला बगल द्यायला रस्ता उरत नाही. गंमत म्हणजे त्याच गेममध्ये काठिण्य वाढवण्याची सोय मात्र आहे: एका देवळाजवळची घंटा वाजवली की शत्रू अधिक कठीण होतात, आणि गेम संपवून पुढच्या फेरीत कुरो या पात्राने दिलेला ताईत परत केला की बचाव आणखी कडक लागतो.

‘एल्डन रिंग’ने वाटा पुन्हा उघडल्या. मोकळे जग, घोडा, मदतीला येणारे आत्मे, आणि बऱ्याच बॉसच्या, म्हणजे टप्प्याअखेरच्या बलाढ्य शत्रूंच्या, दाराशीच पुन्हा सुरू करण्याची सोय त्यात आहे. २०२४ च्या ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ या विस्ताराच्या कठीणपणावर ओरड झाली, तेव्हा कंपनीने काही दिवसांतच नवे कॅलिब्रेशन, म्हणजे आकड्यांची फेरजुळणी, दिले. नकाशात सापडणाऱ्या तुकड्यांनी मिळणारे बळ पहिल्या निम्म्या टप्प्यांत वाढवले गेले. हा सोपा मोडच होता. फक्त तो सगळ्यांना एकदम लागू झाला आणि त्याला ते नाव नव्हते.

आकडे कमी केले की काय होते

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे इजा आणि आयुष्य यांना गुणक लावणे. तोच सर्वाधिक फसतो. खेळाडूचे आयुष्य १०० आणि शत्रूचा घाव ३५ चा धरा. तिसऱ्या घावाला खेळाडू मरतो. घाव १० टक्क्यांनी कमी केला (३१.५) तर तो चौथ्या घावाला मरेल. २० टक्क्यांनी कमी केला (२८) तरीही चौथ्याच. पाचव्या घावापर्यंत तगायला जवळपास ३० टक्के कपात लागते (२४.५). म्हणजे मेन्यूतली पट्टी १० वरून २० टक्क्यांवर सरकवूनही खेळाडूला काहीच फरक जाणवत नाही, आणि पुढच्या खाचेला अचानक जाणवतो. गुणक ठरवताना टक्के न पाहता ‘किती घावांत मरतो’ हे मोजायला हवे. उलट बाजूने, हार्ड पातळीवर शत्रूचे आयुष्य १,००० वरून १,५०० केले आणि खेळाडूचा वार ५० चाच ठेवला, तर २० ऐवजी ३० वार लागतात. कौशल्य तेच, कंटाळा दीडपट.

दुसरा दोष उशिरा दिसतो. इजा फार कमी केली की खेळाडू वार चुकवायला शिकतच नाही, मार खात पुढे जातो; मग शेवटचा बॉस एका झटक्यात मारणारा निघाला की त्याच्याकडे काहीच तयारी नसते. म्हणून सोप्या पातळीत इजेपेक्षा अवधी वाढवणे चांगले. सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम) दाखवणाऱ्या गेममध्ये वार परतवायला १२ चौकटी असतील, तर अवधी २०० मिलिसेकंद होतो. गेमचा वेग ७० टक्के केला की तो सुमारे २८५ आणि ५० टक्के केला की ४०० मिलिसेकंद होतो. शिकायची हालचाल तीच राहते. इथे एक घरगुती बाबही पाहावी: टीव्हीवर ‘गेम मोड’ बंद असेल तर चित्र उशिरा दिसते आणि या २०० मधले कित्येक मिलिसेकंद त्यातच जातात. गेम अन्यायकारक वाटण्याचे कारण कधी कधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते.

मेल्यानंतरचा वेळ हाही काठिण्याचा भाग आहे. ‘सुपर मीट बॉय’ (२०१०) भयंकर कठीण आहे, पण मेल्याक्षणी पुन्हा सुरू होतो, म्हणून शंभरदा मरूनही माणूस वैतागत नाही. त्याच चुकीनंतर दोन मिनिटे धावत बॉसपर्यंत जावे लागले तर शिक्षा कौशल्याला न होता वेळेला होते. नोकरी-घर सांभाळून रात्री अर्धा तास खेळणाऱ्याला हा फरक सर्वांत जास्त जाणवतो.

चांगले आणि वाईट नमुने

‘सेलेस्ट’ (२०१८) हा या चर्चेत हमखास येणारा गेम. तो कठीणच आहे, पण त्याच्या ‘असिस्ट मोड’मध्ये वेग १०० ते ५० टक्क्यांपर्यंत दहा-दहाने कमी करता येतो, तसेच न संपणारा दम, हवेत जास्त झेपा आणि अमरत्व हे पर्याय वेगवेगळे चालू-बंद करता येतात. खेळताना केव्हाही. आधीच्या आवृत्तीतील सूचनेत हा मोड न वापरण्याची शिफारस होती. ती पुढे बदलून अधिक स्नेहाची केली गेली. त्याहून शिकण्यासारखे म्हणजे ‘सेलेस्ट’ची न दिसणारी उदारता. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाचा दहावा भाग उडी मारता येते, आणि उडी मारताना डोके कोपऱ्याला चार पिक्सेलपर्यंत अडखळले तर गेम नायिकेला हळूच बाजूला सरकवतो. ही सवलत पूर्ण कठीण खेळणाऱ्यालाही मिळते आणि बहुतेकांना तिचा पत्ता नसतो.

‘हेडीझ’च्या ‘गॉड मोड’मध्ये सुरुवातीला २० टक्के इजा कमी होते आणि प्रत्येक मरणाला आणखी २ टक्के, ८० टक्क्यांपर्यंत. कमाल सवलत मिळायला ३० मरणे लागतात, त्यामुळे गेम ज्याच्या-त्याच्या कुवतीशी आपोआप जुळतो. ‘जेडाय: फॉलन ऑर्डर’ पातळी निवडतानाच परतवण्याचा अवधी, इजा आणि शत्रूची आक्रमकता यांच्या पट्ट्या दाखवतो, नुसते ‘नॉर्मल’ असे लिहून खेळाडूला अंदाज बांधायला लावत नाही.

‘कपहेड’चा (२०१७) सोपा मोड मात्र नमुना म्हणून घेऊ नये. त्यात बॉसच्या लढाईतले काही टप्पेच गाळले जातात आणि जिंकूनही करारपत्र मिळत नाही. ती सगळी गोळा केल्याशिवाय शेवटच्या लढाया उघडत नाहीत. म्हणजे सोपे खेळणाऱ्याला गेमचा तुकडाच दाखवून दारातून परत पाठवले जाते.

गुपचूप जुळवून घेणारे काठिण्य हा तिसरा मार्ग. ‘रेसिडेंट इव्हिल ४’ (२००५) खेळाडू वारंवार मेला की काही ठिकाणचे शत्रू कमी करतो. ‘मारियो कार्ट’मध्ये मागे पडलेल्याला जोरदार वस्तू मिळतात. खेळाडूला अपमान वाटत नाही हा फायदा. पण गुपित कळले की जिंकल्याचा आनंद संशयास्पद होतो, आणि काही जण मुद्दाम मागे राहू लागतात.

अपंगत्व आणि सोपेपणा

या दोन्हींची गल्लत वादात सतत होते. एका हाताने खेळणाऱ्याला कमकुवत शत्रू नको असेल. त्याला बटणांची जागा बदलता यायला हवी असते, भराभर दाबायच्या जागी नुसते दाबून धरता यायला हवे असते. रंगांधळ्याला धोक्याची खूण लाल रंगाव्यतिरिक्त आकारानेही दिसली पाहिजे. ‘द लास्ट ऑफ अस भाग २’मध्ये (२०२०) अशा ६० हून अधिक सेटिंग आहेत, आणि काठिण्य वेगळे ठेवून खेळाडू, शत्रू, साथीदार, लपणे व साहित्य अशा पाच भागांत तोडलेले आहे. २०१८ मध्ये आलेला एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर मोठी बटणे आणि बाहेरचे स्विच जोडू देतो, पण प्रतिसादाचा वेगच मंद असलेल्याला १२ चौकटींची अट कोणताही कंट्रोलर शिथिल करून देत नाही. तिथे गेमचा वेग कमी करण्याचा पर्याय हाच सुगम्यतेचा पर्याय ठरतो.

आक्षेप

‘पर्याय असला की मोह होतो’ हा आक्षेप खरा आहे, पण त्यावर उपाय सोपा आहे: पर्याय सेटिंगच्या आत ठेवावा, प्रत्येक मरणानंतर पडद्यावर नाचवू नये. रचनाकाराचा हेतू बिघडतो, हा आक्षेप त्या-त्या गेमवर अवलंबून असतो. जिथे असहायता हाच कथेचा गाभा आहे तिथे त्याला वजन आहे. बाकी ठिकाणी मूळ पातळी कोणती, हे स्पष्ट लिहिले की पुरते. खर्चाचा आक्षेप क्वचितच मांडला जातो, पण तो जास्त भक्कम आहे: तीन पातळ्या म्हणजे प्रत्येक बॉस तीनदा तपासणे, आणि दहा जणांच्या चमूला ते झेपेलच असे नाही. अशा चमूंनी पूर्ण पातळ्या न करता वेग आणि इजा यांच्या दोनच पट्ट्या द्याव्यात.

तांत्रिकदृष्ट्या सर्वांत अवघड प्रश्न ऑनलाइन खेळाचा आहे. ‘डार्क सोल्स’मध्ये अनोळखी खेळाडू मदतीला येतो, तसाच हल्ला करायलाही तुमच्या जगात शिरतो. यजमान सोप्या पातळीवर आणि पाहुणा कठीण पातळीवर असेल तर कोणाचे आकडे चालवायचे? त्यावर दोन उत्तरे आहेत. सोपा मोड चालू असताना हल्ला बंद ठेवायचा, किंवा गुणक फक्त संगणकाच्या शत्रूंना लावायचा. कोरियात बनलेल्या, पूर्णतः एकट्याने खेळायच्या ‘लाइज ऑफ पी’ला हा अडथळा नव्हता, त्याने मूळ गेम येऊन गेल्यावर २०२५ मध्ये दोन सोप्या पातळ्या जोडल्या आणि जुनी पातळी होती तशीच वेगळ्या नावाने ठेवली.