विजयानंद, शारदा आणि पदातले शब्द

परवा नाशिकच्या कालिदास कलामंदिरात नाट्यगीतांचा कार्यक्रम होता, शेजारी कॉलेजची पोरं होती, ताना आल्या की टाळ्या आणि शब्द मात्र कुणाच्याच कानात शिरत नव्हते. तेव्हाच ठरवलं की ह्यावर थोडं लिहायचं, कारण संगीत नाटक उभं राहिलं ते शब्दांवर.

सुरुवात 1880 ची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळींचं इंद्रसभा हे नाटक पाहिलं आणि मराठीत असं का नको म्हणून कालिदासाचं शाकुंतल घेतलं, 31 ऑक्टोबरला पहिला प्रयोग. त्याआधी, म्हणजे 1843 ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सुरू केलेल्या नाटकांत पदं बहुतेक सूत्रधारच म्हणायचा. अण्णासाहेबांनी ती पात्रांच्या तोंडी दिली, बोलता बोलता माणूस गायला लागतो ना, तसं. आणि चाली कुठल्या, तर साकी, दिंडी, ओवी, लावणी, घरोघरी माहीत असलेल्या, त्यामुळे अर्थ थेट पोचायचा.

मग गोविंद बल्लाळ देवल, 1899 चं शारदा. मला विचाराल तर मराठी रंगभूमीवर शब्दाने सगळ्यात मोठं काम केलं ते इथे. म्हाताऱ्या नवरदेवाबद्दलचं पद, 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान'. वय पंच्याहत्तर, आणि त्याला 'अवघे'! त्या एका शब्दात सगळी जरठकुमारी विवाहाची, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याची चीड आहे, भाषण नाही, उपदेश नाही, हसता हसता प्रेक्षक गप्प होतो. (1929 च्या बालविवाहविरोधी शारदा कायद्याचं नाव ह्या नाटकावरून पडलं असं बरेच जण सांगतात, पण ते हरबिलास सारडांवरून आहे.)

नाशिकचा ह्या नाटकाशी वेगळाच संबंध आहे. 21 डिसेंबर 1909, विजयानंद थिएटर, किर्लोस्कर मंडळींचा शारदेचा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली म्हणून निरोपाचा कार्यक्रम. त्याला संस्कृत, मराठी दोन्ही चांगलं यायचं. तिथेच क्रांतिकारक अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या, वय जेमतेम अठरा, आणि 19 एप्रिल 1910 ला ठाण्याला फाशी. विजयानंदचं नाव निघालं की आपल्याकडे हाच इतिहास सांगतात आणि तो सांगायलाच हवा, पण त्या रात्री स्टेजवर कुठलं नाटक होतं हे विचारलं तर फार थोड्यांना सांगता येतं.

पुढे खाडिलकरांचं मानापमान 1911, स्वयंवर 1916, संगीत गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखल्यांचं, गायला बालगंधर्व. गाणं अफाट झालं, वन्समोअर घेता घेता रात्र सरायची, पण एकेका ओळीवर एवढा वेळ जायला लागला की गोष्ट तिथेच थांबून राहायची, आणि हे गंधर्वांवर जीव असूनही म्हणतोय.

शब्द परत पुढे आला त्यात एक नाव आपल्या गावचं, नाटककार वसंत कानेटकर, नाशिकच्या एचपीटी कॉलेजात शिकवायचे. 1964 चं मत्स्यगंधा, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, पदं कमी, आटोपशीर. सत्यवतीचं 'अर्थशून्य भासे मज' ऐका, ताना मोजायच्या आधी एकदा नुसते शब्द ऐका, ती बाई त्या क्षणी काय बोलतेय ते.