पायाखालची माणसं : इनामगावची घरं आणि दफनं

माती पांढरट, भुसभुशीत लागली की शेतकरी त्या जागेला ‘पांढर’ म्हणतो आणि इथे कधीकाळी वस्ती होती हे धरूनच चालतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावची पांढर डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात थराथराने उकलली. त्याआधी १९५०-५१मध्ये प्रवराकाठच्या जोर्वे गावी उत्खनन झालं होतं. महाराष्ट्रातल्या या आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला नाव मिळालं ते त्या गावाचं.

इनामगावात लोक राहिले साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. आधी माळवा संस्कृतीचा काळ, मग जोर्वेचा आधीचा टप्पा म्हणजे पूर्व जोर्वे, शेवटी नंतरचा टप्पा म्हणजे उत्तर जोर्वे. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. पूर्व जोर्वे काळातली घरं ऐसपैस, चौकोनी. मातीच्या बुटक्या भिंती, वर कूड, धान्याला पेवं आणि कणग्या. इ.स.पू. १०००च्या सुमारास पाऊसमान घटलं असावं, शेती आक्रसली आणि चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पडझड म्हणावी तर हीच.

दफनाची रीत मात्र टिकली. मूल गेलं की दोन राखी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात त्याला निजवायचं आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. वर चूल, सारवण, रोजची ये-जा. मोठ्यांना खड्ड्यात उताणं, डोकं उत्तरेला करून ठेवत. शेजारी तोटीचं भांडं, वाडगा. उत्तरेला डोकं करून झोपू नये हे आपल्याकडे आजही सांगतात. पण तीन हजार वर्षांचा धागा एवढ्यावर जोडण्याचा मोह आवरलेला बरा.

खरं कोडं पावलांचं आहे. प्रौढांची पावलं घोट्याखाली तोडलेली आढळतात. मृताने भूत होऊन निघून जाऊ नये, घरातच राहावं म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. भीती म्हणा की माया. हाडांवरून तेवढं कळत नाही.

एक माणूस मात्र या रीतीतून सुटला. पाच खोल्यांचं मोठं घर, लगत धान्यकोठार, आणि अंगणात चार पायांचा, पोट फुगलेला कच्च्या मातीचा रांजण. आत सुमारे चाळिशीचा पुरुष, बसवलेला. तो गावप्रमुख असावा, असं ढवळीकरांनी मांडलं. त्याची पावलं शाबूत होती.