अमेरिकी नाटकातील विम्याचा पैसा आणि कुटुंब

ओढगस्तीच्या संसारात माणसे एकमेकांशी कशी वागतात, हे दाखवण्यासाठी विसाव्या शतकातील अमेरिकी नाटककार पुन्हा पुन्हा एकाच प्रसंगाकडे वळले : घरातले कोणी मरते आणि विम्याच्या रकमेचा प्रश्न उभा राहतो. महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, तिथे चार कामगारांमागे सुमारे एक बेकार होता. म्हातारपणासाठी देशव्यापी निवृत्तिवेतनाचा कायदा १९३५ साली झाला. तोवर अनेक कष्टकरी घरांची भिस्त हप्त्याहप्त्याने भरलेल्या आयुर्विम्यावर असे.

क्लिफर्ड ओडेट्स यांच्या ‘अवेक अँड सिंग!’ (१९३५) मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील बेसी बर्गर अब्रू राखण्यासाठी गरोदर मुलीचे लग्न एका बेसावध माणसाशी लावून देते. आजोबा गच्चीवरून पडून मरतात. नातवाच्या नावे त्यांचा तीन हजार डॉलरचा विमा निघतो आणि त्यावर घरच्यांचाच डोळा असतो. तरीही ओडेट्स बेसीला खलनायिका करत नाहीत. घर रस्त्यावर येण्याची तिची भीती खरी आहे.

आर्थर मिलर यांच्या वडिलांचा कोटांचा धंदा मंदीत बुडाला होता. ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (१९४९) मधला विली लोमन शेजाऱ्याकडून उसने घेतलेले पैसे बायकोला पगार म्हणून देतो. शेवटी वीस हजार डॉलर मुलाला मिळावेत म्हणून तो जीव देतो. घराचा अखेरचा हप्ता त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी फिटतो.

लोरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) मध्ये हे सूत्र सर्वांत खोल जाते, कारण इथे गरिबीला वंशभेदाची जोड आहे. शिकागोतल्या यंगर कुटुंबाला वडिलांच्या मृत्यूचे दहा हजार डॉलर मिळतात. आई त्यातून गोऱ्या वस्तीतल्या घराचा विसार देते. उरलेले पैसे, बहिणीच्या शिक्षणाच्या वाट्यासकट, मुलगा वॉल्टर धंद्यात घालवून बसतो. कृष्णवर्णीय शेजारी नको म्हणून वस्तीतले गोरे लोक ते घर जास्त किंमत देऊन परत घ्यायला तयार असतात. वॉल्टर आधी राजी होतो, पण मुलासमोर सौदा करताना त्याची जीभ रेटत नाही. हा नकार त्या घराला परवडणारा नाही, आणि म्हणूनच तो मोलाचा ठरतो.

ऑगस्ट विल्सन यांच्या ‘फेन्सेस’ (प्रथम प्रयोग १९८५) मध्ये विम्याऐवजी युद्धातील जखमेची भरपाई येते. पिट्सबर्गचा सफाई कामगार ट्रॉय याचे घर भावाच्या डोक्याला झालेल्या जखमेच्या तीन हजार डॉलरवर उभे आहे. त्याची लाज ट्रॉयला आहेच. पुढे त्याच भावाला मनोरुग्णालयात ठेवण्याच्या कागदावर तो सही करतो, आणि भावाच्या भत्त्याचा अर्धा हिस्सा त्याच्याकडे येऊ लागतो.