पारासंरक्षण, वायुप्रक्रिया संयंत्रांतील

नैसर्गिक वायूतील पारा आधीच शोषून घेऊन संयंत्राच्या थंड विभागातील ॲल्युमिनियमचे हीट एक्स्चेंजर (एका प्रवाहातील उष्णता दुसऱ्याकडे देणारी उपकरणे) वाचवण्याची व्यवस्था. वायू द्रवरूप करण्यासाठी सु. −१६२° से. पर्यंत थंड करतात. इतक्या थंडीत साधे पोलाद ठिसूळ होते. ॲल्युमिनियम चिवट राहते आणि उष्णताही चांगली वाहून नेते.

पाऱ्याचा धोका ठळकपणे पुढे आला तो १९७३ च्या अखेरीस, अल्जीरियातील स्किकदा येथील वायू द्रवरूप करणाऱ्या संयंत्रात एक्स्चेंजर निकामी झाल्यावर. पारा मापक उपकरणांतून सांडला असावा असा प्रारंभी कयास होता. पुढे हासी रमेल या अल्जीरियातील वायुक्षेत्राच्या वायूतच तो असल्याचे मत रूढ झाले व तेच ग्राह्य वाटते. १ जानेवारी २००४ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूम्बा येथे झालेल्या स्फोटामागेही पाऱ्याने ॲल्युमिनियम भाग तडकणे हेच कारण आढळले.

हानी दोन प्रकारे होते. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा खरवडला गेला की पारा धातूत मिसळतो. ओलावा मिळाल्यास ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड बनते, पारा मोकळा होतो आणि पुन्हा पुढचा धातू खातो. दुसरा प्रकार अधिक घातक. त्याला ओलावा लागत नाही. द्रव पारा आणि ताण एवढे पुरते आणि भेग झपाट्याने धावते. तिच्या कारणाविषयी एकवाक्यता नाही. स्टोलॉफ व जॉन्स्टन आणि वेस्टवुड व कामदार (१९६३) या संशोधकांच्या मते पाऱ्याचे अणू चिकटल्याने भेगेच्या टोकाचे अणुबंध दुबळे होतात. रॉबर्टसन (१९६६) टोकाचा धातू विरघळतो असे मानतात. लिंच यांच्या मांडणीत तेथे धातूतील अणुथरांची एकमेकांवरून सूक्ष्म घसरण सुलभ होते. ॲल्युमिनियम पाऱ्यात अत्यल्प विरघळते हे पाहता विरघळण्याची उपपत्ती दुबळी ठरते. ॲल्युमिनियमचा ५०८३ क्रमांकाचा मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू ३००३ क्रमांकाच्या मिश्रधातूपेक्षा लवकर बळी पडतो आणि एक्स्चेंजरचे हेडर व नोझल (वायू आत-बाहेर नेणारे कोश व जोडनळ्या) बहुधा त्याचेच असतात.

पारा काढण्यासाठी गंधकयुक्त सक्रिय कोळसा, धातूंची सल्फाइडे किंवा चांदी बसवलेल्या आण्विक चाळण्या (अतिसूक्ष्म छिद्रांचे शोषक दाणे) वापरतात. प्रति प्रमाण घनमीटर (ठरावीक दाब-तापमानाला मोजलेला घनमीटर) वायूत ०.०१ मायक्रोग्रॅम पारा हे प्रचलित उद्दिष्ट आहे. त्याखाली सर्व काही सुरक्षित, असा मात्र अर्थ नाही, कारण पारा वर्षानुवर्षे साचत जातो. −३९° से. च्या खाली तो गोठलेला असल्याने निरुपद्रवी असतो. खरी जोखीम संयंत्र बंद करून गरम होऊ देताना असते. म्हणून कोरडा नायट्रोजन भरून ठेवणे, ओल्या वायूने बर्फ न वितळवणे, आणि पारा साचेल असे खळगे रचनेतच टाळणे आवश्यक ठरते.

कोल्हापूर जिल्ह्याचा संबंध धातूच्या बाजूने येतो. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडीच्या सड्यावरचे बॉक्साइट ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) करण्यासाठी बेळगावला जात आले आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव हा फौंड्र्यांचा पट्टा. वायुसंयंत्रातील जुना एक्स्चेंजर भंगारातून एखाद्या भट्टीवर आला, तर ॲल्युमिनियम ६६०° से. ला वितळण्याच्या कितीतरी आधी, सु. ३५७° से. ला पारा उकळतो आणि त्याची विषारी वाफ भट्टीवाल्याच्या छातीत जाते. असा माल पारामुक्तीच्या दाखल्याविना घेऊ नये, त्यावर आर्गॉन वेल्डिंगही करू नये. पारा लागलेल्या धातूवर ओल्या हवेत लोकरीसारखे पांढरे तंतू उगवतात; पण नायट्रोजनखाली ठेवलेल्या यंत्रावर ते येत नाहीत, त्यामुळे तंतू नाहीत म्हणून तुकडा स्वच्छ धरता येत नाही.